घोट्याचा आकडा नॉर्मल, अंगठा काळा: पावलाच्या डॉप्लरचा एक प्रकरण अभ्यास

रुग्ण पुरुष, वय ६४, एसटीतून निवृत्त झालेले चालक, राहायला नागपूरच्या महाल भागात. मधुमेह अठरा वर्षांपासून, रक्तदाबाचा त्रास दहा वर्षांपासून. डाव्या पायाच्या अंगठ्याचं टोक काळं पडलेलं, त्याच्या मागे चिघळलेली जखम आणि हातात दोन रिपोर्ट. एकात लिहिलं होतं: घोटा-दंड निर्देशांक १.२८, नॉर्मल. दुसऱ्यात, गुडघ्याखालच्या धमन्यांत ‘मोनोफेसिक फ्लो’, म्हणजे एकाच टप्प्याचा प्रवाह, पुढे काहीच नाही. या दोन कागदांच्या भरवशावर सहा आठवडे नुसतं ड्रेसिंग चाललं होतं, आणि आता गुडघ्याखालून पाय काढायचा सल्ला मिळाला होता. मुलगी दुसरं मत घ्यायला वडिलांना घेऊन आली.

हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण कागदावर पाहिलं तर यात एकही तपासणी राहिलेली दिसत नाही. नाडी चाचपली होती, निर्देशांक काढला होता, पायाचा कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही झाली होती. फक्त जखम ज्या पावलावर होती, त्या पावलावर सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) कुणी ठेवला नव्हता. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जखमेची सुरुवात

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, वावटळ उठली म्हणून काकाजी अनवाणीच धावले आणि चादरी गोळा करून खाली आले. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि सिमेंटची गच्ची हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. निरोगी माणूस अशा गच्चीवर दोन पावलं टाकून उलटा फिरेल. यांना काही कळलंच नाही. संध्याकाळी फरशीवर ओला ठसा उमटलेला पाहून नातीने विचारलं, तेव्हा अंगठ्याखालचा फोड फुटलेला दिसला.

शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (नायलॉनच्या बारीक धाग्याचा) स्पर्श डाव्या तळव्यावर कुठेच कळत नव्हता, कंपकाट्याचं कंपन थेट गुडघ्याशी जाणवत होतं. त्यामुळे पायाच्या धमन्या अडण्याच्या आजाराची जी लक्षणं पाठ्यपुस्तकात पहिल्या ओळीत असतात तीच इथे गायब होती. चालताना पोटरी भरून येणं नाही, रात्री पाय लटकवून बसावं लागणं नाही. पोटरीबद्दल विचारलं तर म्हणाले, “चालतो कुठं मॅडम, पानठेल्यापर्यंत जातो न् येतो.” पानठेल्यावर कशाला, हे विचारायलाच हवं होतं. आधीच्या कागदांवर ‘तंबाखू: नाही’ असं लिहिलेलं होतं. बिडी सुटून बारा वर्षं झाली होती हे खरं, पण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, दिवसाला तीन-चार पुड्या चालू होता. विदर्भात तंबाखू खाता का एवढंच विचारून भागत नाही. पुष्कळ लोकांच्या लेखी खर्रा वेगळा असतो आणि ते मनापासून ‘नाही’ म्हणतात. खर्रा, घोटा, गुडाखू, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारावं.

पाय काढण्याचा विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पाय तर काही दुखून नाही राहिला, मंग कापाचा काहून?” मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही थांबा ना जरा, मॅडमना पाहू तर द्या.” त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर देणं भाग होतं. आणि उत्तर द्यायचं तर पावलात रक्त किती पोचतंय, कुठल्या वाटेने पोचतंय आणि ती वाट मोकळी करता येते का, या तीन गोष्टी आधी कळायला हव्या होत्या.

डोळ्यांनी आणि हातांनी

पाय खाली सोडला की पाऊल लालसर, चांगलं ‘रक्त असलेलं’ दिसत होतं. हा रंग फसवा असतो. झोपवून पाय उचलून धरला तर मिनिटाच्या आत तळवा मेणासारखा पांढरा पडला, आणि पुन्हा खाली सोडल्यावर जांभळट-लाल व्हायला बराच वेळ लागला. जांघेतली नाडी चांगली, गुडघ्यामागची लागते, घोट्यामागची आणि पावलावरची लागत नाही. जखम दोन सेंटिमीटर लांब, दीड रुंद, तळाशी पिवळट थर, दाबलं की नखाच्या कडेने थोडा पू. एक्स-रेत अंगठ्याच्या शेवटच्या हाडाचं टोक कुरतडलेलं दिसत होतं. त्याच एक्स-रेत पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांमधून जाणारी बारीक धमनी चुन्याच्या दोन समांतर रेघांसारखी स्पष्ट उठली होती. साध्या एक्स-रेत पावलातली धमनी दिसत असेल, तर तिथेच थांबून घोट्यावरचा निर्देशांक बाजूला ठेवावा. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.८ टक्के, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.६.

१.२८ हा आकडा आला कुठून

घोटा-दंड निर्देशांक म्हणजे घोट्यावर मोजलेला सिस्टोलिक दाब भागिले दंडावरचा दाब. एक ते १.४ म्हणजे ठीक, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमन्यांत अडथळा, १.४ च्या वर म्हणजे धमनी कफने दबतच नाही. स्वस्त, सोपी, फार मोलाची चाचणी आहे. पण ती एका गृहीतकावर उभी आहे: कफ फुगवला की धमनी दबते.

जुना मधुमेह आणि किडनीचा आजार असेल तर धमनीच्या मधल्या थरात चुना साचतो. नागपुरात घरोघरी कूलर आहेत, त्यामुळे हे पटकन समजावता येतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने कूलरची नळी आतून क्षार धरते, कडक होते. पंप पूर्ण जोरात चालू असतो, पण वर ताटीवर पाणी थेंबथेंबच पडतं. ती नळी चिमटीत दाबून पाहिली तर दबत नाही, म्हणून आतून पाणी जोरात जातंय असं कुणी म्हणणार नाही. कडक धमनीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. कफला ती दाबायला जास्त जोर लागतो, आकडा चढतो आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलं जातं.

यातली वाईट गोष्ट अशी की आकडा १.४ च्या वर गेला असता तर कुणीतरी दचकलं असतं. अडथळ्याने आकडा खाली ओढला, चुन्याने वर ढकलला, आणि दोघांच्या ओढाताणीत तो १.२८ वर येऊन बसला. माझ्या मते मधुमेही रुग्णाच्या जखमी पायात सगळ्यात धोकादायक निर्देशांक हाच, १ ते १.३ मधला. तो कुणालाच जागं करत नाही.

आम्ही पुन्हा मोजलं. दंडावर दाब जास्तीत जास्त १४२ (मिलिमीटर पारा). डाव्या पावलाच्या वरच्या धमनीवर १८८, म्हणजे निर्देशांक १.३२. घोट्यामागच्या धमनीतला बारीक आवाज कफ २५० पर्यंत फुगवला तरी बंद होईना. रिपोर्टमध्ये मी आकडा लिहून पुढे लिहिलं: धमन्या दबत नाहीत, निर्देशांक ग्राह्य नाही.

बोटांच्या धमन्यांत चुना तुलनेने कमी साचतो, म्हणून पुढची पायरी बोटावरचा दाब. अंगठ्यावर जखम असल्याने छोटा कफ शेजारच्या बोटावर बांधला. दाब आला ३४. दंडाशी गुणोत्तर ०.२४, हे ०.७ च्या खाली असलं की रोग आहे असं धरतात. जखम, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग या तिन्हींना मिळून श्रेणी देणारी जी वर्गवारी २०१४ पासून वापरात आहे, तिच्यात बोटाचा दाब ३० ते ३९ म्हणजे रक्तपुरवठ्याची श्रेणी २, आणि ३० च्या खाली सर्वांत वाईट श्रेणी ३. काकाजी काठावर उभे होते. घोट्यावर १८८ आणि त्याच पायाच्या बोटावर ३४, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून मुलीला दाखवले, तेव्हा तिला वेगळं काही समजावावं लागलं नाही.

पावलावर प्रोब

खोलीचा एसी बंद केला. जुलैत नागपूरची दमट उकाड्याची दुपार, सगळ्यांना घाम फुटला, पण थंड खोलीत पावलातल्या बारीक धमन्या आकसतात आणि निरोगी पायही आजारी दिसतो. पंधरा मिनिटं पाय पांघरून आडवं झोपवलं. जखमेवर निर्जंतुक पारदर्शक फिल्म, प्रोबवर वेगळं आवरण. मग उच्च वारंवारतेचा छोटा लिनियर प्रोब, वेगाची पट्टी एकदम खाली, वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी सेटिंग) कमीत कमी. मांडीच्या सेटिंगवर पावलाची धमनी पाहिली तर तिथे प्रवाहच नाही असं स्क्रीन सांगते, आणि ‘धमनी बंद’ असा खोटा रिपोर्ट जातो.

आणि हात हलका ठेवावा. ज्या बोटात दाब ३४ आहे, तिथल्या धमनीचा प्रवाह प्रोबच्या नुसत्या वजनानेही थांबू शकतो. मी जेलचा चांगला जाड थर देते आणि प्रोब त्या थरावर तरंगता ठेवते, करंगळी रुग्णाच्या टाचेला टेकवून. शिकाऊ डॉक्टरांना आधी स्वतःच्याच पावलावर दाखवते: हलकं दाबलं की रंग जातो, सोडलं की येतो. एकदा हे पाहिलं की हात आपोआप उचलला जातो.

वरून सुरुवात केली, कारण पावलातली लहर, म्हणजे पडद्यावर उमटणारा रक्तप्रवाहाचा आलेख, मंद असेल तर ती कुठे मंदावली हे ठरवावं लागतं. जांघेतली धमनी चांगली, लहर तीन टप्प्यांची, चढण खडी, ९५ मिलिसेकंदांत शिखर. हृदयाची सोनोग्राफी झालेली होती, पंपिंग ठीक, महाधमनीच्या झडपेत अडथळा नाही. ही खात्री गरजेची आहे. हृदय अशक्त असेल, ती झडप अरुंद असेल किंवा पोटातल्या-ओटीपोटातल्या धमनीत अडथळा असेल तर खालची प्रत्येक लहर मंद दिसणारच, आणि दोष उगाच पावलाच्या माथी जातो. मांडीत एका जागी रक्ताचा वेग सेकंदाला ७४ सेंटिमीटरवरून ११८ झाला, म्हणजे दीडपट-पावणेदोनपट. दुप्पट झाला असता तर पन्नास टक्क्यांहून जास्त अरुंद म्हटलं असतं. गुडघ्यामागे वेग ६२, लहर दोन टप्प्यांची. इथवर तक्रार करण्यासारखं फार नव्हतं, आणि आधीच्या डॉप्लरमध्ये याच्या पुढे ‘मोनोफेसिक’ एवढंच होतं.

खरं प्रकरण गुडघ्याखाली होतं. पुढची धमनी, अँटेरिअर टिबियल, नडगीच्या मधल्या तिसऱ्या भागात लांबवर बंद. मागची, पोस्टेरिअर टिबियल, पोटरीच्या खालच्या भागापासून घोट्यापर्यंत बंद, भिंती चुन्याने इतक्या भरलेल्या की पडद्यावर सावल्याच सावल्या. उरली पेरोनिअल. ती सबंध मोकळी होती, वेग ४८. घोट्याच्या थोडं वर, बाहेरच्या बाजूला, तिची एक शाखा दोन हाडांमधला पडदा भेदून पुढे येत होती आणि पावलाच्या पाठीवरच्या धमनीला, डॉर्सॅलिस पेडिसला, रक्त देत होती.

मग पावलाची पाठ. अंगठा वर ओढणाऱ्या कंडऱ्याच्या बाहेरच्या कडेला डॉर्सॅलिस पेडिस सापडली. वेग जेमतेम १६. कानाला एकच लांब मऊ ‘हूऽऽ’, पुन्हा ‘हूऽऽ’. निरोगी धमनीत आधी ठसठशीत ठोका येतो, लगेच छोटा उलटा आवाज, मग बारीक तिसरा. अंगठ्याच्या मुळाशी पहिल्या दोन बोटांमधल्या धमनीत आलेखाची चढण मोजली. लहर जिथून उठते तिथपासून शिखरापर्यंतचा वेळ: २३८ मिलिसेकंद.

या वेळेला पेडल अॅक्सेलरेशन टाइम म्हणतात. ही मोजणी मला प्रिय आहे, कारण ती वेळ मोजते, वेग नाही. वेग मोजायचा तर प्रोबचा कोन ६० अंशांच्या आत आणि नेमका धरावा लागतो, आणि वळणावळणाच्या या धमन्यांत ते फार अवघड. वेळेला कोनाशी देणंघेणं नाही. कफ लागत नाही, म्हणून चुना आड येत नाही. प्रचलित वर्गवारीत १२० पर्यंत ठीक, १२१ ते १८० सौम्य, १८१ ते २२४ मध्यम, २२५ च्या पुढे गंभीर. घोट्यावर १.३२ दाखवणारा पाय इथे चौथ्या, सगळ्यात वाईट वर्गात बसला. एका ठोक्यावर विसंबू नये. लागोपाठच्या ठोक्यांची सरासरी घ्यावी, आणि ठोके अनियमित असतील तर जास्तच जपून.

तळव्यात लॅटरल प्लांटर धमनी शोधली. पावलाच्या मध्यावर प्रोब आडवा ठेवायचा, स्नायूंच्या दोन थरांमध्ये ती लुकलुकते, मग प्रोब उभा फिरवायचा. वेळ २५१. पण त्याहून बोलका होता रंग. या धमनीतलं रक्त टाचेकडून बोटांकडे जायला हवं. इथे ते बोटांकडून टाचेकडे येत होतं. मी डाव्या हाताच्या बोटाने पावलाच्या पाठीवरची डॉर्सॅलिस पेडिस हलकेच दाबली. तळव्यातला रंग विझला. बोट उचललं, दोन ठोक्यांत परत आला.

म्हणजे अख्खं पाऊल एकाच वाटेवर जगत होतं. पेरोनिअलच्या त्या लहानशा शाखेतून पाठीवरच्या धमनीत, तिथून पहिल्या दोन बोटांच्या हाडांमधून खोल उतरून तळव्यातल्या धमन्यांच्या कमानीत, आणि कमानीतून उलट्या दिशेने टाचेकडे. कमान मोकळी होती. माझ्यासाठी त्या दुपारची सगळ्यात आशादायक गोष्ट ही होती. कमान बंद असती तर वरून धमनी उघडूनही रक्त वाटलं गेलं नसतं.

‘मोनोफेसिक’ लिहून थांबू नये

आधीचा रिपोर्ट चुकीचा नव्हता, अपुरा होता. आणि हा अपुरेपणा इतका सर्रास दिसतो की त्यावर थोडं जास्त लिहायला हवं.

निरोगी, आरामात असलेल्या पायात लहर आधी पुढे, मग क्षणभर मागे, मग पुन्हा थोडी पुढे जाते. मागे का? कारण पुढच्या बारीक वाहिन्या आवळलेल्या असतात, त्यांचा प्रतिकार असतो. त्या वाहिन्या काही कारणाने सैल पडल्या की मागचा टप्पा जातो आणि लहर एकाच दिशेची होते. आता सैल कधी पडतात? वर धमनी अरुंद झाली आणि पाऊल उपाशी राहिलं तर. पण पावलात जंतुसंसर्ग पेटला तरीही. शुगरने वाहिन्या आवळणाऱ्या स्वयंचलित नसा गेल्या असतील तरीही, किंवा रुग्ण नुकताच जिना चढून आला असेल तरीही. मधुमेहाच्या चिघळलेल्या पायात ही सगळी कारणं एकत्र नांदू शकतात. म्हणजे ‘मोनोफेसिक’ या शब्दामागे रक्ताचा पूर असू शकतो आणि दुष्काळही.

फरक चढणीत असतो. संसर्गाने पेटलेल्या पायात लहर झटकन वर चढते, शिखर टोकदार आणि उंच, मग भरपूर प्रवाह चालू राहतो. अडलेल्या पायात चढण रेंगाळते, शिखर बुटकं आणि गोल. या रुग्णाचं पाऊल लाल होतं, पू होता, त्यामुळे आधी पाहणाऱ्याला ‘डायस्टोलमध्येही (दोन ठोक्यांच्या मधेही) चांगला प्रवाह आहे’ असा दिलासा वाटला असणार. चढण मोजली असती तर तो दिलासा टिकला नसता. लहरींच्या नावांचा हा गोंधळ जगभर होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर मेडिसिन आणि व्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंडच्या दोन संस्थांनी मिळून एकमताची परिभाषा दिली: लहर बहुटप्पी की एकटप्पी हे लिहा, प्रतिकार जास्त की कमी हे लिहा, आणि चढण झटकन की रेंगाळती हेही लिहा. आमच्या रिपोर्टमध्ये आता तिसरी गोष्ट लिहिल्याशिवाय सही होत नाही. जो डॉक्टर रिपोर्ट वाचणार आहे, त्याच्यासाठी तीच कामाची असते.

आणखी एक. मधुमेहाच्या पायाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की उत्तम उपचार करूनही चार ते सहा आठवड्यांत जखम भरत नसेल, तर पलंगाशेजारच्या चाचण्या काहीही सांगोत, धमन्यांची तपासणी आणि रक्तपुरवठा वाढवण्याचा विचार करावा. इथे सहा आठवडे उलटले होते. ‘निर्देशांक नॉर्मल आहे’ हे वाक्य तेव्हाच बाजूला पडायला हवं होतं.

निर्णय

सर्जन, अँजिओप्लास्टी करणारे सहकारी आणि मी एकत्र बसलो. आधी पू मोकळा करायचा आणि प्रतिजैविकं, मग रक्त आणायचं, अंगठ्याच्या हाडाचं त्यानंतर. हा क्रम मोडून आधी अंगठा कापला तर कापलेली जागाच काळी पडत जाते, आणि मग पुन्हा वर, पुन्हा वर. बोटापासून मांडीपर्यंत अशा पायऱ्या चढलेले पाय विदर्भातल्या कुठल्याही सर्जनने पाहिलेले असतात.

धमनी कोणती उघडायची? १९८७ मध्ये टेलर आणि पामर यांनी शरीराचे असे विभाग मांडले की प्रत्येक विभागाला एक ठरावीक धमनी रक्त देते. अंगठ्याच्या जखमेसाठी पुढची टिबियल धमनी सरळ वाट होती, आणि कमान मोकळी असल्याने तिच्यातून तळव्यालाही रक्त मिळणार होतं. मागची टिबियल घोट्याशी चुन्याने गच्च, तिच्या मागे लागण्यात वेळ आणि डाय (धमनी एक्स-रेत दिसावी म्हणून सोडतात तो द्रव) दोन्ही जाणार होते. क्रिएटिनिन १.६ असलेल्या माणसाला डाय जितका कमी तितका बरा. गुडघ्याखाली एवढा चुना असताना सीटी अँजिओग्राफीत चुनाच चमकतो, आतली पोकळी नीट कळत नाही, म्हणून तीही टाळली. डॉप्लरचा हाताने काढलेला नकाशा, कुठे बंद, किती लांब, कुठे परत भरते, हाच घेऊन सहकारी टेबलावर उभे राहिले.

काकाजींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर याच नकाशावर बोट ठेवून दिलं. “दुखत नाही कारण नसा मेल्या आहेत. रक्त कमी आहे पण वाट आहे. ती उघडून पाहू. अंगठ्याचं टोक जाईल, पाय वाचवायचा प्रयत्न आहे.” त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “म्हंजे मेन रोड बंद, गल्लीतून गाडी चालू आहे.” चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं.

नंतर

डाव्या जांघेतून खालच्या दिशेने तार घालून पुढची टिबियल धमनी फुग्याने पावलाच्या पाठीपर्यंत मोकळी केली. दुसऱ्या दिवशी पावलाच्या पाठीवरच्या लहरीची चढण खडी झाली होती. अंगठ्याच्या मुळाशी वेळ १२८, तळव्यात १४२. तळव्यातली दिशा उलटीच राहिली, कारण मागची धमनी बंदच होती, पण रंग भरगच्च होता. बोटाचा दाब मात्र ४६ एवढाच. हे पाहून नातेवाईक आणि कधीकधी डॉक्टरही खट्टू होतात. बोटाचा दाब बऱ्याचदा लगेच पूर्ण चढत नाही, त्याला काही दिवस ते आठवडे द्यावे लागतात. तीन आठवड्यांनी तो ६२ झाला, अंगठ्याच्या मुळाशी वेळ ११२, तळव्यात १३८.

कुरतडलेलं हाडाचं टोक काढलं, तेव्हा कापलेल्या कडेला लाल रक्त दिसलं. पायावरचा भार हटवण्यासाठी प्लास्टर, मग एमसीआरच्या (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपला. रक्त पातळ ठेवणारी औषधं, स्टॅटिन, शुगरवर इन्शुलिन. खर्रा सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्याचं श्रेय नातीला. ती रोज संध्याकाळी पानठेल्याच्या वेळेला त्यांच्यासोबत पत्ते खेळायला बसायची. जखम बारा आठवड्यांत बंद झाली.

उजवा पाय आणि पुढचं वेळापत्रक

पहिल्याच दिवशी उजव्या, ‘चांगल्या’ पायाचीही तपासणी केली होती. जखम नाही, तक्रार नाही, घोट्याचा निर्देशांक १.२५. बोटाचा दाब ७८, गुणोत्तर ०.५५, तळव्यातली वेळ १६४. म्हणजे रोग तिथेही होताच. जखम नसताना गुडघ्याखालच्या धमनीला हात लावायचा नाही असं ठरलं, कारण या बारीक धमन्या फुग्याने उघडल्यावर पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बरंच असतं आणि विनाकारण केलेली अँजिओप्लास्टी असलेली वाट बिघडवू शकते.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं. डाव्या तळव्यात १३८ ची १५२ झाली आहे, उजव्यात १६४ ची १७३. दोन्ही पाय कोरडे, अखंड. दर तीन महिन्यांनी पावलाचा डॉप्लर आणि बोटाचा दाब, सेटिंग तेच, शक्यतो हात तोच. आता पुन्हा उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून मुलीला लिहून दिलं आहे: घरातही चपला, संध्याकाळी तळवे उजेडात पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. तळव्यातली वेळ १८० च्या पुढे गेली किंवा कातडीला कुठे भेग जरी दिसली, तरी ड्रेसिंगवर आठवडा काढायचा नाही, त्याच दिवशी फोन करायचा.